हजेरी लागते; वाढ होते का?

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला, म्हणजे तिथल्या ख्रिस्ती विश्वासणाऱ्यांच्या समुदायाला, इसवी सन 55 च्या सुमारास जे पत्र लिहिलं, त्यातलं एक वाक्य वाचून कुठल्याही पाळकाला घाम फुटावा. तुम्ही एकत्र जमता त्याने तुमचं भलं होत नाही, उलट नुकसान होतं, असं तो त्यांना तोंडावर सांगतो (1 करिंथ 11:17). म्हणजे उपासनेला जाऊन खरंच काही होतं का, हा प्रश्न आजच्या कंटाळलेल्या तरुणांनी शोधून काढलेला नाही. तो नव्या करारातच आहे, आणि तो उपस्थित करणारा माणूस स्वतः गावोगावी मंडळ्या उभ्या करत फिरत होता.

करिंथमध्ये बिघडलं काय होतं, तेही त्याने लिहून ठेवलंय. प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीसाठी भाकर आणि द्राक्षारस वाटून घेण्याचा विधी, तेव्हा पूर्ण जेवणासोबत होई. काही जण आपलं आधीच उरकून घेत, काही तर पिऊन तर्र असत, आणि ज्यांच्याकडे काहीच नसे ते उपाशी राहत. यावर पौलाने काय उपाय सांगावा? एकमेकांसाठी थांबा, आणि भूक आवरत नसेल तर घरी खाऊन या. बस. गीतं बदला, प्रवचन जोरदार करा, वेळ पुढे ढकला, यातलं काही नाही. जमणं बंद करा असंही तो म्हणत नाही. तीन अध्याय पुढे गेलं की जमण्याची त्याची कल्पना आणखी स्पष्ट होते: प्रत्येकाने काहीतरी घेऊन यावं, कोणी स्तोत्र, कोणी शिकवण, बोलणारे दोघं, फार तर तिघं, बाकीच्यांनी ऐकून पारख करावी, आणि सगळ्याचा हेतू एकच, मंडळीची वाढ.

माझं मत इथूनच सुरू होतं. सभेत काय ऐकलं, यावर विश्वासाची वाढ फारशी ठरत नाही. त्या सभेतल्या कोणाला तुमच्याबद्दल काय ठाऊक आहे आणि पुढच्या वेळी तो तुम्हाला काय विचारतो, यावर ती जास्त ठरते. ऐकणं बिनकामाचं आहे असं नाही. पण ऐकलेलं पुढे कुठे जातं, ते विचारणारं कोणी नसेल तर ते दारातच सांडतं.

आधी वाढ कशाला म्हणायचं ते ठरवायला हवं, कारण इथेच बहुतेक चर्चा भरकटतात. मंडळीला मोजता येतात त्या गोष्टी म्हणजे हजेरी, दान, बाप्तिस्मे, सभांची संख्या. मोजता येतात म्हणून त्यांचे अहवाल होतात. विश्वासणाऱ्याच्या वाढीच्या खुणा मात्र रविवारी दिसत नाहीत. रागाने बोललेल्या शब्दाबद्दल क्षमा मागायला पूर्वी महिना लागत होता, आता दोन दिवस लागतात का? कोणी पाहत नसताना प्रार्थना होते का? पैशाचा हिशेब सरळ असतो का? अपमान गिळता येतो का? घरातल्या माणसांना फरक जाणवतो का? शेवटचा प्रश्न सगळ्यांत निर्दय आहे, म्हणून सगळ्यांत उपयोगाचाही.

शिकागोजवळच्या विलो क्रीक या प्रचंड मोठ्या मंडळीने स्वतःच्याच सभासदांची पाहणी करून 2007 मध्ये निष्कर्ष छापले. हजारो लोक, कार्यक्रमांची रेलचेल, आणि निष्कर्ष असा की कार्यक्रमांतला सहभाग वाढला म्हणून देवावरचं आणि माणसांवरचं प्रेम वाढतंच, असं दिसत नाही. स्वतः वचन वाचून त्यावर मनन करणाऱ्यांमध्ये मात्र वाढ ठळक दिसली. या पाहणीचा आधार लोकांनी स्वतःबद्दल दिलेली उत्तरं हा होता, त्यामुळे कशामुळे काय झालं हे तिच्यातून सिद्ध होत नाही. तरी ज्या मंडळीने आपला सगळा डोलारा कार्यक्रमांवर उभारला होता, तिने हे उघड मान्य केलं याला किंमत आहे.

मग घरी बसून वचन वाचलेलं काय वाईट, असं कोणी म्हणेल. फोनवर जगातले उत्तम प्रवचनकार ऐकता येतात, गीतंही सुरात असतात. याला चौथ्या शतकात कैसरियाचा बिशप बासिल याने दिलेलं उत्तर अजून कोणाला खोडता आलेलं नाही. एकांतात राहून भक्ती करू पाहणाऱ्यांना तो विचारतो, एकटे राहाल तर पाय कोणाचे धुणार? नम्रता, सहनशीलता, क्षमा या गोष्टींना दुसरा माणूस लागतो, आणि शक्यतो थोडा त्रासदायक माणूस लागतो. आवडते प्रवचनकार फोनवर ऐकताना क्षमा करायची वेळच येत नाही. निखारा शेगडीतून बाजूला काढला की विझतो, हा दाखला प्रवचनांतून वापरून वापरून गुळगुळीत झालाय. पण ओल्या कोळशांच्या ढिगात खुपसला तरी तो विझतोच, हे सहसा कोणी सांगत नाही.

आता रविवारच्या उपासनेकडे बघू. दीड तासाची उपासना धरली तर साधारण वीस-पंचवीस मिनिटं गीतं, तीस-चाळीस मिनिटं प्रवचन, उरलेल्या वेळात शास्त्रवाचन, प्रार्थना, दान आणि जाहिराती. यात सामान्य सभासद स्वतःच्या तोंडाने काय करतो? गातो आणि आमेन म्हणतो. एकमेकांचे भार वाहा, एकमेकांना बोध करा, आपली पापं एकमेकांजवळ कबूल करा, या आज्ञा पुढच्या बाकावरच्या माणसाच्या पाठीकडे बघत पाळता येत नाहीत. यात उपासनेचा दोष नाही. देवासमोर सगळ्यांनी मिळून उभं राहणं, वचन ऐकणं, प्रभूच्या मेजावर, म्हणजे प्रभुभोजनाला, येणं हे तिचं काम, आणि ते दुसरीकडे होत नाही. चूक होते ती सगळं ओझं तिच्यावर टाकण्यात.

प्रवचनाचं म्हणाल, तर जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउसने 1885 मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की उजळणी केली नाही तर पाठ केलेलं दोन-तृतीयांशाच्या आसपास एका दिवसात निसटतं. त्याने निरर्थक अक्षरं पाठ केली होती, प्रवचन तसं नसतं, त्यामुळे तो आकडा जसाच्या तसा लावू नये. पण बुधवारी कोणालाही रविवारचा उतारा विचारून बघा. उपाय कंटाळवाणे आहेत आणि लागू पडतात. पाळकाने उतारा शुक्रवारपर्यंत कळवावा. घरी शनिवारी तो एकदा मोठ्याने वाचावा. प्रवचन ऐकताना पानं भरू नयेत. शेवटी एकच वाक्य लिहावं, आणि ते 'मी' या शब्दाने सुरू व्हावं. मग चोवीस तासांच्या आत ते कोणालातरी सांगावं. सांगताना अडखळलो तर समजावं की ऐकलं होतं, समजलं नव्हतं. बिरुया गावचे लोक पौलाचं ऐकत आणि तो म्हणतो तसंच आहे का, हे रोज शास्त्रात तपासत. प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक लिहिणाऱ्या लूकने त्यांचं कौतुक केलंय ते या तपासण्याबद्दल.

प्रवचन करणाऱ्यांसाठीही एक गोष्ट. एका उताऱ्यावर एकच मुद्दा तीस मिनिटांत नीट पोचतो. पाच मुद्दे पंचावन्न मिनिटांत एकही पोचत नाहीत. त्रोवसात पौल मध्यरात्रीपर्यंत बोलत राहिला तेव्हा युतुख नावाचा तरुण पेंगून तिसऱ्या मजल्याच्या खिडकीतून खाली पडला. पौलाने त्याला जिवंत वर आणवलं. ते सामर्थ्य अंगी नसलेल्यांनी घड्याळ पाहावं.

गीतांबद्दल थोडक्यात. कलस्सैकरांच्या पत्रात गाणं हे एकमेकांना शिकवण्याचं साधन म्हणून येतं, म्हणजे शेजारच्याचा आवाज ऐकू यायला हवा. दोन गोष्टी ते मारून टाकतात. पुढे गाणाऱ्याने स्वतःच्या गळ्याला सोयीची पट्टी लावली की अर्धी मंडळी गप्प होते. आणि ध्वनिवर्धक इतका मोठा ठेवला की आपण गातोय की नाही हे स्वतःलाही कळत नाही. एखाद्या कडव्याला वाद्यं आणि माइक पूर्ण बंद करून बघावं. मंडळी गात असेल तर ऐकू येईल. नसेल तर तेही कळेल. नवं गीत महिन्याला एक पुरे, आणि ते सलग तीन रविवार यावं.

आता मुख्य मुद्दा, छोटा गट. इंग्लंडमधल्या ब्रिस्टलमध्ये फेब्रुवारी 1742 मध्ये धर्मोपदेशक जॉन वेस्लीच्या लोकांपुढे प्रश्न होता सभागृहाच्या कर्जाचा. एकाने सुचवलं, प्रत्येकाने आठवड्याला एक पेनी द्यावी. दुसरा म्हणाला, कित्येकांना तेवढंही जमायचं नाही. त्यावर पहिला म्हणाला, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या, त्यांना जमलं नाही तर मी भरीन. अशा बारा-बारांच्या तुकड्या झाल्या. पेनी गोळा करायला दर आठवड्याला घरोघरी जाणाऱ्यांना तिथे काय चाललंय ते दिसू लागलं: कोण पिऊन पडलाय, कोण घरात भांडतोय. वेस्लीच्या लक्षात आलं की आपण शोधत होतो ते हेच. पुढे घरोघरी जाण्याऐवजी ते एकत्र जमू लागले, आणि वेस्लीच्या मेथडिस्ट चळवळीचा कणा तयार झाला, कर्जफेडीतून. 1763 मध्ये वेल्समधल्या पेम्ब्रोकशायरचा दौरा केल्यावर वेस्लीने रोजनिशीत कडवटपणे नोंदवलं की तिथे वीस वर्षं प्रवचनं झाली, पण नियमित गट नाहीत, शिस्त नाही, एकमेकांशी बांधिलकी नाही. परिणामी एकदा जागे झालेल्या दहातले नऊ आता पूर्वीपेक्षा गाढ झोपलेत.

असा गट चालवायचा तर आठ ते बारा माणसं असावीत. सहाच्या खाली गेलं की दोघं गैरहजर राहताच सभा ओस पडते. बाराच्या वर गेलं की तिघं-चौघं बोलतात आणि बाकीचे श्रोते होतात. खुर्च्या वर्तुळात, चालवणाऱ्याचीही त्यातच. वेळ दीड तास: पहिली दहा मिनिटं येण्या-बसण्याची, पुढची वीस मागच्या आठवड्याच्या निश्चयाची विचारपूस, पस्तीस मिनिटं उतारा, पंचवीस मिनिटं प्रार्थना. बारा जणांत वीस मिनिटं वाटली तर प्रत्येकाच्या वाट्याला शंभर सेकंद येतात आणि त्यात कोणीही 'बरं चाललंय' एवढंच म्हणेल. म्हणून विचारपूस तिघा-तिघांत करावी, पुरुष वेगळे, स्त्रिया वेगळ्या. मग प्रत्येकाला साडेसहा मिनिटं मिळतात.

उतारा आठ-दहा वचनांचा पुरे. प्रश्न तीन: यात काय म्हटलंय, मी कुठे अडलो, आणि या आठवड्यात हे कोणाच्या बाबतीत करायचंय. प्रश्न टाकल्यावर चालवणाऱ्याने मनात दहापर्यंत मोजावं आणि तोंड मिटून ठेवावं. हे ऐकायला सोपं आहे. प्रत्यक्षात चौथ्या सेकंदाला शांतता असह्य होते, तो स्वतःच उत्तर देतो, आणि दोन आठवड्यांत गटाला सवय लागते की थोडं थांबलं की उत्तर मिळतंच. तिथून पुढे ते दुसरं प्रवचन होतं, फक्त घरगुती.

विचारपूस कशी फसते ते जवळून पाहण्यासारखं आहे. "कसं काय ब्रदर?" "प्रभूची कृपा आहे." "मागच्या वेळी काय ठरवलं होतं?" "जास्त प्रार्थना करायचं." "झाली?" "हो, बऱ्यापैकी." इथे कोणी खोटं बोललेलं नाही आणि काहीही घडलेलं नाही. निश्चयच मोघम होता. तो पाळला की मोडला हे सांगायची सोय नव्हती. आता दुसरा निश्चय घ्या: "धाकट्या भावाशी वाटणीवरून बोलणं बंद आहे, गुरुवारी रात्री जेवणानंतर त्याला फोन करीन आणि वाटणीचा विषय न काढता फक्त तब्येत विचारीन." यात माणूस आहे, वार आहे, वेळ आहे, काय बोलायचं नाही तेही आहे. पुढच्या आठवड्यात प्रश्न एकच, "केलास का?" आणि "नाही केला" हे उत्तरही तिथे चालायला हवं. त्यावर "का बरं?" असं विचारून मग त्याच्यासोबत तिथेच प्रार्थना. 'नाही' म्हणणाऱ्याला जिथे वचनं फेकून मारतात, तिथे तिसऱ्या आठवड्यापासून सगळ्यांचं 'हो' येऊ लागतं.

दुसरा रोग प्रार्थना-विनंतीचा. "अमक्या सिस्टरसाठी प्रार्थना करा, तिच्या घरी काय चाललंय ठाऊक आहे ना" ही चहाडी प्रार्थनेच्या पांघरुणाखाली बिनबोभाट चालते, आणि व्हॉट्सॲपवर गेली की तिला पाय फुटतात. नियम कडक ठेवावा: विनंती स्वतःची; दुसऱ्याची असेल तर त्याला विचारून. गटातलं बोलणं गटात, फोनवर लिहायचं नाही. पण याला अपवाद आहे आणि तो पहिल्याच दिवशी सांगायला हवा: लहान मुलाला इजा होत असेल, कोणी जिवाचं बरंवाईट करायच्या बेतात असेल, कोणाला मारहाण होत असेल, तर ते गुपित राहणार नाही. तिथे फक्त प्रार्थना करून थांबणं पाप आहे. योग्य ठिकाणी कळवायचं आणि मदत मिळवून द्यायची.

साक्षींचाही एक साचा ठरून जातो. संकट आलं, प्रार्थना केली, संकट टळलं. ज्यांचं टळलं नाही ते मग बोलायचे थांबतात, आणि कोपऱ्यातल्या आजारी माणसाला वाटतं की विश्वास कमी पडतोय तो आपल्या एकट्याचाच. महिन्यातून एकदा तरी 'अजून उत्तर मिळालं नाही' अशी साक्ष मुद्दाम मागून घ्यावी. स्तोत्रसंहितेचा मोठा भाग विलापाचा आहे; उपासनेत आपण तो सोयीस्करपणे वगळतो.

चैयून लिम आणि रॉबर्ट पुटनम या संशोधकांनी 2010 मध्ये अमेरिकेतल्या पाहणीवरून मांडलं की जे नियमित उपासनेला जातात पण ज्यांचा मंडळीत एकही जवळचा मित्र नाही, ते न जाणाऱ्यांपेक्षा आयुष्यात जास्त समाधानी नसतात. समाधान म्हणजे विश्वासाची वाढ नव्हे, हे खरंच. पण दहा वर्षं तोच बाक, तेच हस्तांदोलन आणि नावापलीकडे ओळख नाही, हे चित्र कोणत्या मंडळीत नाही?

सगळ्या जमण्याला चांगलंही म्हणता येत नाही. जिथे दानाचा हिशेब मागितला की विश्वास कमी असल्याचा ठपका येतो, जिथे पाळक कोणालाच उत्तरदायी नाही, जिथे खासगीत कबूल केलेलं पुढच्या रविवारी व्यासपीठावरून दाखला म्हणून ऐकायला मिळतं, जिथे मंडळी सोडणं म्हणजे देवाला सोडणं असं शिकवलं जातं, तिथे टिकून राहण्यात शहाणपण नाही. एकदा मंडळीचा कारभार पाहणाऱ्या वडीलमंडळींसमोर स्पष्ट बोलावं, दुसऱ्यांदा साक्षीदार घेऊन बोलावं, आणि काही हललं नाही तर दुसरी मंडळी बघावी. इब्री लोकांस पत्रात एकत्र मिळणं सोडू नका असं म्हटलंय खरं, पण त्याच्या आदल्याच वचनात ते कशासाठी तेही आहे: प्रीती आणि सत्कर्मं यांसाठी एकमेकांना उत्तेजन द्यावं म्हणून. आदलं वचन गाळून पुढचं ऐकवणारे ते बहुधा हजेरीसाठी ऐकवतात.

प्रभूच्या मेजाची एक जुनी शिस्त मात्र परत आणण्यासारखी आहे. 'दिदाखे' या आरंभीच्या मंडळीच्या नियमपुस्तिकेत सांगितलंय की ज्याचं सोबत्याशी भांडण आहे त्याने समेट होईपर्यंत या मेळ्यात येऊ नये. मत्तय 5:23-24 मध्ये येशूचंही हेच सांगणं आहे. प्रभुभोजनाची घोषणा आठवडाभर आधी झाली तर सहा दिवस मिळतात. त्याच सकाळी 'आत्मपरीक्षण करा' म्हणून अर्धा मिनिट दिलं, तर समेट कोणाशी आणि कधी करायचा?

गैरहजर राहणाऱ्यांचा विचारही यातच येतो. इसवी सन 155 च्या सुमारास जस्टिन या ख्रिस्ती लेखकाने रोममध्ये रविवारच्या सभेचं वर्णन लिहिलं. प्रेषितांच्या आठवणी (म्हणजे शुभवर्तमानं) किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात, अध्यक्ष बोध करी, सगळे उभं राहून प्रार्थना करत, भाकर आणि द्राक्षारस वाटला जाई, आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्याकडे सेवक तो पोचवत. जमलेल्या पैशातून अनाथ, विधवा, आजारी, कैदी आणि परके यांची सोय होई. म्हणजे सभेच्या आराखड्यातच न आलेल्याचा वाटा होता. आज हे करायला फार काही लागत नाही. प्रत्येक गटात एकाने रविवारी दुपारी यादीवर नजर टाकावी. एक रविवार चुकला तर साधा निरोप, दोन चुकले तर फोन, तीन चुकले तर घरी भेट, शक्यतो दोघांनी मिळून. भेटीत 'का आला नाहीत' हा प्रश्न पहिला विचारू नये; त्याचं उत्तर सबब म्हणूनच येतं. आधी घरातल्यांची चौकशी, मग उपासनेत काय झालं ते दोन वाक्यांत, मग एक छोटा उतारा आणि प्रार्थना. अर्ध्या तासात उठावं. माणूस आजारी असेल तर पाळकाला त्याच दिवशी कळवावं, रुसला असेल तर कोणावर ते ऐकून घ्यावं आणि त्या माणसालाच पुढच्या वेळी सोबत न्यावं.